ऑस्ट्रेलियन फुटबॉलची नोंदवही

एखाद्या खेळाचा इतिहास लिहावयास बसलेल्या मनुष्यापुढें तीन प्रकारचा पुरावा असतो. पहिला वृद्ध प्रेक्षकांच्या आठवणींचा, दुसरा वर्तमानपत्रांतील वर्णनांचा आणि तिसरा नोंदवहींतील आंकड्यांचा. आठवणी काळानुसार रंग बदलतात, वर्णनांत लेखकाची आवडनिवड उतरते. म्हणून शेवटीं सर्वांचा भरंवसा आंकड्यांवर बसतो. तो बसावा हें योग्यच आहे. परंतु आंकडेहि कोणी तरी मनुष्यच लिहून ठेवीत असतो, आणि काय मोजावयाचें व काय सोडावयाचें हें वहींत रकाने आंखतांनाच ठरून गेलेलें असतें. ज्या श्रमाला रकाना मिळाला नाहीं, तो श्रम कोणीं केलाच नव्हता अशी पुढील पिढ्यांची समजूत होऊन बसते. ऑस्ट्रेलियांतील फुटबॉलच्या इतिहासांत याचें एक बोधप्रद उदाहरण पहावयास मिळतें.

हा फुटबॉल आपल्याकडे खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलहून अगदीं निराळा आहे. मैदान लंबवर्तुळाकार, बहुधा क्रिकेटचेंच; चेंडूहि लांबट. प्रत्येक बाजूस अठरा गडी असतात व सामना चार पाळ्यांत खेळला जातो. मैदानाच्या दोन्ही टोकांस चार चार खांब रोवलेले असतात. मधल्या दोन खांबांतून पायानें चेंडू मारल्यास 'गोल' होऊन सहा गुण मिळतात. बाजूच्या खांबांतून गेल्यास त्यास 'बिहाइंड' म्हणतात व त्याचा गुण एकच. खेळाडूनें चेंडू हातीं घेऊन धांवण्यास हरकत नाहीं. मात्र ठराविक अंतरावर तो जमिनीवर आपटून घ्यावा लागतो, आणि प्रतिपक्षाच्या गड्यानें धरल्यास तो सोडून द्यावा लागतो. सोडण्याचे रीतसर मार्ग दोनच. एक, पायानें मारणें, म्हणजे 'किक'. दुसरा, चेंडू एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें त्यास ठोसा देऊन सोबत्याकडे धाडणें. यास 'हँडबॉल' म्हणतात. चेंडू फेंकण्यास सक्त मनाई आहे. किक व हँडबॉल या दोहोंच्या बेरजेला तिकडे 'डिस्पोझल' असें नांव आहे. मराठींत तिला 'रवानगी' म्हणतां येईल. गोल हें खेळाचें फळ मानलें, तर रवानगी ही त्यामागची मशागत होय.

या खेळाची जन्मकथा क्रिकेटशीं निगडित आहे. टॉम विल्स हा व्हिक्टोरिया वसाहतींतील नामांकित क्रिकेटपटु. त्याचें शिक्षण इंग्लंडांत रग्बी येथील शाळेंत झालें होतें. १० जुलै १८५८ रोजीं 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या मेलबर्नच्या पत्रांत त्याचें एक पत्र प्रसिद्ध झालें. हिवाळ्यांत क्रिकेटपटूंचीं शरीरें आळसावून जाऊं नयेत म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा, अशी सूचना त्यांत होती. त्याच वर्षीं ७ ऑगस्ट रोजीं मेलबर्न ग्रामर स्कूल व स्कॉच कॉलेज यांच्यांत एक सामना सुरू झाला. प्रत्येक बाजूस चाळीस गडी होते, आणि निरनिराळ्या तीन दिवशीं खेळूनहि दोन्ही बाजूंचा एकेकच गोल झाला. पुढील वर्षीं, १७ मे १८५९ रोजीं, मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनीं दहा नियम लिहून काढले. पायानें मारलेला चेंडू झेलणारास निर्वेध किक घेण्याची मुभा, व चेंडू फेंकण्यास बंदी, हीं दोन्ही कलमें त्या दहांतलींच होत.

क्रिकेटच्या मंडळींनीं हा खेळ काढला, क्रिकेटच्याच मैदानांवर तो वाढला; तथापि क्रिकेटची गुणपुस्तिका मात्र त्याच्या वांट्यास आली नाहीं. याचें कारण उघड आहे. क्रिकेटमध्यें प्रत्येक चेंडूनंतर खेळ क्षणभर थांबतो आणि गुणलेखकास पेन्सिल चालविण्यास अवकाश मिळतो. कोणीं चेंडू टाकला, कोणीं टोलविला, कोणीं झेलला, हें सर्व त्या अवकाशांत लिहून होतें. येथें छत्तीस गडी एका चेंडूमागें धांवत असतात, आणि एक कृति लिहून होईपर्यंत पुढच्या तीन घडून जातात. त्यामुळें जें सहज मोजतां येई तेंच मोजलें गेलें, आणि तें म्हणजे गोल.

१८७७ सालीं 'व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन' स्थापन झाली, तेव्हां सामन्याचा निकाल केवळ गोलांवरच लागत असे. पुढें आठ क्लब तींतून फुटून निघाले व १८९७ सालीं त्यांच्या 'व्हिक्टोरियन फुटबॉल लीग'चा पहिला हंगाम झाला. गोलास सहा व बिहाइंडास एक ही गुणपद्धति तेव्हांपासूनची. हीच लीग १९९० पासून 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' या नांवानें ओळखली जाते. कोण किती सामने खेळला व कोणीं किती गोल केले, याची नोंद या पहिल्या हंगामापासून सलग मिळते. १९१२ सालीं लीगच्या खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक आले, आणि त्याच वर्षीं 'फुटबॉल रेकॉर्ड' हें छोटेखानी पत्रक मैदानावर विकूं लागलें. त्यांतील यादीशीं क्रमांक पडताळून प्रेक्षक गडी ओळखूं लागले व समासांत गोलांच्या खुणा करूं लागले.

या व्यवस्थेनें अमर झाले ते गोल करणारे. कॉलिंगवुड क्लबच्या गॉर्डन कॉव्हेंट्रीनें १९२० ते १९३७ या काळांत १,२९९ गोल केले. हा विक्रम बासष्ट वर्षें टिकला. ६ जून १९९९ रोजीं सिडनीच्या मैदानावर टोनी लॉकेट यानें तो मागें टाकला, आणि पुढें १,३६० गोलांवर आपली कारकीर्द संपविली. साउथ मेलबर्नच्या बॉब प्रॅटनें १९३४ च्या एकाच हंगामांत १५० गोल केले. १९४७ सालीं मेलबर्नच्या फ्रेड फॅनिंगनें एका सामन्यांत १८ गोल केले, व १९४९ सालीं एसेंडनच्या जॉन कोलमननें पदार्पणाच्याच सामन्यांत १२ गोल करून सर्वांस थक्क केलें. हे आंकडे मेलबर्नमधील फुटबॉलप्रेमी कुटुंबांतील मुलांना पाढ्यांसारखे पाठ असत.

परंतु गोल करणारा पुढच्या टोकास उभा असतो. चेंडू त्याच्यापर्यंत आपण होऊन येत नाहीं. कोणी तरी मैदानाच्या मध्यावर, चिखलांत, चार जणांच्या पायांखालून तो उपसून काढतो, खांद्याचा धक्का खाऊन तो सोबत्याच्या हवालीं करतो, आणि तो सोबती तो पुढें मारतो. कॉव्हेंट्रीच्या बाराशें नव्याण्णव गोलांमागें अशा हजारों रवानग्या होत्या. त्या कोणीं केल्या, हें गोलांच्या रकान्यावरून कळूं शकत नाहीं. कांहीं वर्तमानपत्रें निवडक सामन्यांतील किका मोजून छापीत असत. पण सर्व सामन्यांची, सर्व गड्यांची सलग नोंद कोठेंच नव्हती.

मधल्या फळींतील या गड्यांना न्याय देण्याचा एक प्रयत्न मात्र पूर्वींच झाला होता. १९२४ सालापासून लीगनें जिलाँग क्लबचे चार्ल्स ब्राउनलो यांच्या नांवें एक पदक सुरू केलें. पहिलें पदक जिलाँगच्याच एडवर्ड ग्रीव्ह्ज यास मिळालें. सामन्याच्या पंचांनीं सर्वांत उत्तम व सचोटीनें खेळणाऱ्या गड्यास मत द्यावयाचें, आणि हंगामाअखेर ज्याचीं मतें अधिक तो मानकरी, अशी ही पद्धति. प्रारंभीं प्रत्येक सामन्यास एकच मत असे. १९३१ पासून तीन, दोन व एक अशीं मतें तीन गड्यांना देण्यांत येऊं लागलीं. फिट्झरॉय क्लबच्या हेडन बन्टननें १९३१, १९३२ व १९३५ असें तीन वेळां हें पदक मिळविलें. त्याच्या रवानग्यांची पूर्ण मोजदाद नाहीं. त्याच्या थोरवीचा लेखी पुरावा मुख्यतः पंचांच्या मतांतच सांपडतो. पंचांचा निर्णयहि वादातीत नव्हता. १९३० सालीं तिघांचीं मतें सारखीं झालीं, तेव्हां सर्वांत कमी सामने खेळलेल्या स्टॅन जुडकिन्सला पदक देण्यांत आलें. उरलेल्या दोघांस तें मिळण्यास १९८९ साल उजाडावें लागलें.

मोजणीच्या इतिहासांतील खरें वळण १९६५ सालीं आलें. त्या हंगामापासून लीगच्या प्रत्येक सामन्यांतील प्रत्येक गड्याच्या किका, हँडबॉल व झेल यांची सलग नोंद उपलब्ध आहे. म्हणजे लीगच्या पहिल्या हंगामानंतर अडुसष्ट वर्षांनीं रवानगीला रकाना मिळाला. पुढच्या वर्षीं, १९६६ पासून, 'हिट-आउट' मोजण्यांत येऊं लागले. खेळ सुरू करतांना पंच चेंडू उंच उडवितो, व दोन्ही बाजूंचे उंचपुरे गडी उडी मारून तो आपल्या सोबत्याकडे ढकलतात. त्या ढकलण्यास हें नांव आहे. प्रतिपक्षाच्या गड्यास पकडण्याची, म्हणजे 'टॅकल'ची, नोंद १९८७ पासून मिळते. झटापटींत मिळविलेला चेंडू व मोकळ्यावर मिळालेला चेंडू असा भेद तर १९९९ पासूनच मांडतां येतो. एकेक रकाना वाढत गेला, तसतसा एकेका प्रकारच्या गड्याचा मान वाढत गेला.

या रकान्यांच्या मागेंपुढें येण्यानें एका थोर खेळाडूचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. ग्रॅहॅम फार्मर हा पश्चिम ऑस्ट्रेलियांतील नूंगार या आदिवासी समाजाच्या वंशांतला. त्याचें बालपण पर्थजवळच्या सिस्टर केट यांच्या अनाथाश्रमांत गेलें. ईस्ट पर्थ क्लबकडून नांव कमावल्यावर १९६२ सालीं तो जिलाँगला आला. तोंवर हँडबॉल हा अडचणींत सांपडलेल्या गड्याचा शेवटचा उपाय समजला जाई. किक मारावयास जागाच उरली नाहीं तर ठोसा मारून मोकळें व्हावयाचें, एवढाच त्याचा उपयोग. फार्मरनें त्याचें शस्त्र बनविलें. चेंडू हवेंत पकडावा, पाय जमिनीला लागण्यापूर्वींच मान वळवून सोबती हेरावा आणि दूर अंतरावर धांवत्या गड्याच्या अचूक हातीं चेंडू द्यावा, असा त्याचा खाक्या. मोटारीच्या उघड्या खिडकींतून चेंडू पार करण्याचा तो सराव करीत असे, असें सांगतात. बुटका व चपळ बिली गॉगिन हा त्याचा जोडीदार. या जोडीच्या बळावर जिलाँगनें १९६३ सालचें अजिंक्यपद मिळविलें. पण १९६३ सालीं हँडबॉलचा रकानाच नव्हता. फार्मर जिलाँगकडून १०१ सामने खेळून १९६७ सालीं परत गेला. त्याच्या सहा हंगामांपैकीं पहिले तीन हँडबॉलच्या नोंदींतून सुटले, आणि हिट-आउटांच्या नोंदींत तर त्याचे अखेरचे दोनच हंगाम आले. ज्यानें हँडबॉलला प्रतिष्ठा दिली त्याचे उत्तम हँडबॉल कोणींच मोजलेले नाहींत.

त्यानें रोवलेलें बीज मात्र फोंफावलें. २६ सप्टेंबर १९७० रोजीं मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर कार्लटन व कॉलिंगवुड यांच्यांत अंतिम सामना झाला. त्यास १,२१,६९६ प्रेक्षक हजर होते. मध्यंतरास कार्लटन ४४ गुणांनीं मागें होता. प्रशिक्षक रॉन बरासी यानें आपल्या गड्यांना सांगितलें कीं, कसेंहि करून हँडबॉल करीत पुढें चला. कार्लटननें तो सामना दहा गुणांनीं जिंकला. उत्तरार्धांत बदली म्हणून आलेल्या टेड हॉपकिन्स या तरुणानें त्यांत चार गोल केले. पुढें याच हॉपकिन्सनें इतरांच्या साहाय्यानें १९९५ च्या सुमारास 'चॅम्पियन डेटा' ही आंकडे गोळा करणारी संस्था उभारली. एक जण सामना पाहतां पाहतां प्रत्येक कृति तोंडानें बोलून दाखवितो व दुसरा ती संगणकांत नोंदवितो. केवळ किक झाली एवढें लिहून न थांबता ती परिणामकारक होती कीं वायां गेली, हेंहि हे लोक ठरवितात. छोटी किक असेल तर ती योजलेल्या सोबत्याच्या हातीं गेली पाहिजे; चाळीस मीटरांहून लांब असेल तर निदान दोन्ही बाजूंना सारखी संधि मिळेल अशा जागीं तरी पडली पाहिजे.

आतां रवानगीच्या विक्रमांकडे वळूं गेल्यास पहिलें नांव ग्रेग विल्यम्सचें येतें. हा गडी धांवण्यांत मंद, पण हात विलक्षण चपळ. १९८९ सालीं सिडनीकडून सेंट किल्डाविरुद्ध त्यानें एका सामन्यांत ५३ रवानग्या केल्या. २०१२ सालीं गोल्ड कोस्टच्या धाकट्या गॅरी एब्लेटनें कॉलिंगवुडविरुद्ध तितक्याच केल्या. अखेर २०१८ च्या हंगामाच्या प्रारंभींच हॉथॉर्नच्या टॉम मिचेलनें, पुन्हां कॉलिंगवुडविरुद्धच, ५४ चा आंकडा गांठला. प्रत्यक्ष खेळ दोन तासांचा धरल्यास दर सव्वादोन मिनिटांस एकदां चेंडू त्याच्या हातून गेला. त्याच वर्षींचें ब्राउनलो पदकहि त्यालाच मिळालें. त्याचा पिता बॅरी मिचेल हा सिडनी क्लबांत विल्यम्सचा सहकारी होता, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. सबंध कारकीर्दीचा विक्रम सेंट किल्डाच्या रॉबर्ट हार्वेकडे दीर्घकाळ होता. १९८८ ते २००८ या काळांत ३८३ सामने खेळून त्यानें साडेनऊ हजारांहून अधिक रवानग्या केल्या. कॉलिंगवुडचा स्कॉट पेंडलबरी त्याच्याहि पुढें गेला, आणि दहा हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला गडी ठरला.

अशा आंकड्यांनीं मधल्या फळींतील कष्टकऱ्याला हक्काची जागा मिळवून दिली यांत शंका नाहीं. तथापि त्यांचा अर्थ लावतांना विवेक सुटूं देतां कामा नये. साध्या बेरजेंत दोन हातांवरच्या सोबत्याला दिलेला निरुपद्रवी हँडबॉल आणि पन्नास मीटर अंतरावर अचूक पोंचविलेली किक यांचें मोल एकच धरलें जातें. काळहि सारखा नाहीं. १९६५ च्या सुमारास बहुतेक रवानग्या पायानें होत; पुढें हँडबॉल फार वाढले. १९७८ सालीं गड्यांची आलटून पालटून अदलाबदल करण्याची मुभा मिळाली, त्यामुळें दमलेला गडी बाहेर विसांवा घेऊन ताजातवाना परतूं लागला. उलट २०२० सालीं महामारीमुळें प्रत्येक पाळी वीस मिनिटांऐवजीं सोळा मिनिटांची करण्यांत आली, व त्या वर्षींचे आंकडे सहजच आखुडले. हें ध्यानांत न घेतां दोन पिढ्यांच्या गड्यांची तुलना करणें म्हणजे निरनिराळ्या मापांनीं मोजलेल्या धान्याची बेरीज करण्यासारखें आहे. पंचांची दृष्टि व मोजणाराची दृष्टि यांचाहि नेहमीं मेळ बसत नाहीं. १९९३ सालीं, तेव्हां कार्लटनकडून खेळणाऱ्या विल्यम्सनें एका सामन्यांत चाळीसांहून अधिक रवानग्या व सहा गोल करूनहि पंचांनीं त्यास एकहि मत दिलें नाहीं. त्या वर्षींचें पदक गॅव्हिन वँगनीनला गेलें. विल्यम्स अवघ्या एका मतानें मागें राहिला होता.

स्त्रियांच्या खेळाची कथा तर याहून बोलकी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१५ च्या सुमारास, पर्थ येथें दुकानांत काम करणाऱ्या स्त्रिया संघ करून हा खेळ खेळत. त्यांच्या किती रवानग्या झाल्या, कोण त्यांत निपुण होती, हें सांगणारी वहीच नाहीं. लीगची स्त्रियांची स्पर्धा ३ फेब्रुवारी २०१७ रोजीं मेलबर्नमध्यें सुरू झाली. पहिल्या सामन्यास सुमारें साडेचोवीस हजार लोक आले आणि प्रवेशद्वारें बंद करावीं लागलीं. या स्पर्धेंत मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्येक गडीणीच्या नांवापुढें सर्व रकाने भरले गेले. पुरुषांच्या लीगला जें मिळण्यास अडुसष्ट वर्षें लागलीं तें या मुलींना आरंभींच मिळालें. त्यांच्या आज्या-पणज्यांना तें कधींच मिळालें नव्हतें.

या सर्व मोजणींतून एक गोष्ट अनेक वर्षें निसटली, आणि तिचा शेवटचा साक्षीदार पुन्हां ग्रॅहॅम फार्मरच ठरला. उंच उडी मारून चेंडू ढकलणाऱ्या गड्याच्या डोक्यास शेंकडों वेळां धक्के बसतात. त्या धक्क्यांसाठीं सामन्याच्या नोंदवहींत रकाना नव्हता. फार्मरला अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशानें ग्रासलें, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें, चौऱ्यांशीं वर्षांचा असतां, तो वारला. त्याचा मेंदू तपासणीसाठीं दान करण्यांत आला. वारंवारच्या आघातांनीं मेंदूचा क्रमाक्रमानें ऱ्हास घडविणारा विकार त्यास जडला होता, असें फेब्रुवारी २०२० मध्यें जाहीर झालें. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या खेळाडूंत या विकाराचें हें पहिलेंच सिद्ध झालेलें उदाहरण. २०२१ सालीं लीगनें नियम केला कीं, डोक्यास आघात होऊन भोंवळ आलेल्या गड्यानें निदान बारा दिवस मैदानांत उतरूं नये.

पर्थ शहरांत एका मोठ्या हमरस्त्यास फार्मरचें नांव दिलेलें आहे, व हजारों माणसें त्यावरून रोज ये-जा करतात. नोंदवहींत त्याच्या नांवापुढें मांडलेले हँडबॉल त्यानें केलेल्यांच्या मानानें थोडेच आहेत, आणि त्याच्या डोक्यानें सोसलेल्या आघातांपैकीं तर एकहि तिच्यांत नाहीं. यापुढें ज्यांच्या हातीं वही आहे त्यांनीं खेळाडूनें काय दिलें तें जसें मोजावें, तसेंच खेळानें त्याच्याकडून काय घेतलें याचाहि रकाना आंखावा, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.